आधी ती, मग जादू, मग तो: स्त्रियांसाठीच्या फॅन्टसी प्रेमकथेतला नायक कसा घडवायचा

सहा फूट उंची, पाचशे वर्षं वय, अंगावर काळं, डोळ्यांत वादळ, तोंडात मोजके शब्द आणि त्यातले दोन ‘तू माझी’. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचन-गटात फॅन्टसी प्रेमकथांची जी हस्तलिखितं येतात, त्यांतल्या बहुतेकींचा नायक असाच दारात उभा असतो. ॲपवर मालिका लिहिणाऱ्यांचंही तेच. चार-पाच भाग वाचक टिकतात, मग पांगतात, आणि लेखिका विचारते, “याला अजून थोडा रागीट करू का?”

राग वाढवून काही होत नाही. गडबड क्रमात आहे. नायक सगळ्यांत आधी लिहिला जातो, त्याच्या मापाने नायिका बेतली जाते, आणि जादू अडेल तिथे मागवली जाते. हा क्रम उलटा केला की निम्मी दुखणी तिथेच जातात. पुढे तो क्रम टप्प्यांनी दिला आहे. उदाहरणाला एकच कथा घेतली आहे: विश्वामित्री नदीतल्या मगरींच्या कुळातला मकरंद, आणि मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जुनी पुस्तकं दुरुस्त करणारी रेवती.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

पहिलं काम म्हणजे फोनमधला नटाचा फोटो बाजूला ठेवायचा. फोटो समोर असला की आपण फोटोचं वर्णन करतो, माणसाचं करत नाही.

दुसरं, वाचक कोण ते ठरवा. या प्रकारच्या वाचक बहुतांशी प्रौढ बायका आहेत. नोकरी, घर, मुलं आवरून रात्री साडेदहाला त्या वाचायला बसतात. त्यांना भोळी नायिका आणि हुकूम सोडणारा नायक नवा नाही, दिवसभर ऑफिसात तेच चालू असतं. नायिका सज्ञान ठेवा, शक्यतो पंचविशीच्या पुढची. नायक तीनशे वर्षांचा आणि नायिका नुकती बारावी झालेली, हे समीकरण कितीही फुलं वाहिली तरी खटकतं.

तिसरं, कथा एका परिच्छेदात लिहून तिच्यावर दोन कात्र्या चालवा. प्रेम कापलं तर कथा उभी राहते का? जादू कापली तर प्रेम उभं राहतं का? दोन्ही वेळा कथा कोसळली पाहिजे. प्रेम कापूनही युद्ध मजेत चालू राहत असेल, तर तुमचा नायक युद्धाच्या कडेला उभा केलेला शोभेचा माणूस आहे. जादू कापूनही सगळं जुळत असेल, तर सरळ बडोद्यातल्या दोन बँकवाल्यांची प्रेमकथा लिहा. तीही चांगली होईल.

## टप्पा 1: नायिकेचं काम आणि तिची अडचण

नायकाचं नावसुद्धा अजून ठेवायचं नाही. कागदावर तिची तीन वाक्यं हवीत: ती रोज हाताने काय करते, तिला काय हवंय, आणि ते तिला आजवर का मिळालं नाही.

रेवती, एकतीस वर्षांची. ग्रंथालयात सुटलेली पुस्तकं शिवते, वाळवी लागलेल्या पानांना जपानी कागदाचं अस्तर लावते. तिला मोडी वाचता येते, आणि बडोद्यात हे कौशल्य वाया जात नाही, कारण गायकवाडी कारभाराचे जुने कागद मोडीतच आहेत. तिचा दांडिया बाजारातला वाडा दर पावसाळ्यात थोडा थोडा खचतोय. खापरपणजोबांनी नदीशी केलेला एक करार तिला सापडतो: वाड्यातल्या पुरुषांनी काही देणं द्यायचं आणि पाणी उंबऱ्याबाहेर राहायचं. देणं थांबलंय, मुदत या पावसाळ्यात संपते. तिला करार मोडायचाय, वाडा मात्र गमवायचा नाही.

यात नायक कुठेच नाही, तरी कथा चालू झाली. हेच पाहिजे.

सावधान: “तिला आपलंसं माणूस हवं होतं” ही अडचण धरायची नाही. नायक येईपर्यंत कथेला करायला काही उरत नाही आणि आल्यावर लगेच संपते.

## टप्पा 2: जादूचा नियम, आणि तो कुठे चालत नाही

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. नायकाची ताकद म्हणजे जादूची एक बाजू. दुसरी बाजू, म्हणजे तिची हद्द, आधी आखली नाही तर तो प्रत्येक प्रकरणात येऊन सगळं सोडवून जातो आणि नायिकेला टाळ्या वाजवण्यापलीकडे काम राहत नाही.

हद्द डोक्यातून काढण्यापेक्षा खऱ्या गोष्टीतून काढली तर ती जास्त पक्की बसते. विश्वामित्री पावागढाच्या डोंगरात उगम पावते आणि शहराच्या मधून, कमाटीबागेला लागून वाहते. भर वस्तीतल्या या नदीत मगरी आहेत. 2024च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या तेव्हा देशाने ते फोटो पाहिले. बडोदेकरांना त्याआधीही माहीत होतं. आता मगर हा प्राणी घ्या आणि त्याच्याकडून नियम मागा:

- मगर थंड रक्ताची. अंग तापवायला तिला ऊन लागतं, म्हणून हिवाळ्यात ती तासन्‌तास काठावर पडून असते. यावरून नियम: मकरंदचं माणूसरूप अंगातल्या उष्णतेवर टिकतं. ऊन उतरलं की नखं, कातडी, आवाज, या क्रमाने ते जायला लागतं.
- जबडा मिटण्याचा जोर प्रचंड, उघडण्याचा अगदी कमी. जाड चिकटपट्टी गुंडाळली तरी तोंड उघडत नाही. यावरून नियम: मगररूपात त्याने जे घट्ट आवळून धरलं ते सोडवणं त्याला स्वतःला जमत नाही. दुसऱ्या कुणीतरी जबड्याला हात घालावा लागतो.
- ती काठात बिळं खोदते. यावरून: वाडा खचतोय तो का, याचं उत्तर त्याच्या कुळाकडे आहे आणि ते त्याला सांगायला लाज वाटते.
- याच जातीच्या, म्हणजे दलदलीतल्या मगरींमध्ये नरही पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेतो, हे नोंदलं गेलं आहे. हे राखून ठेवा, टप्पा 8 मध्ये कामाला येईल.

पहिल्या नियमाचा परिणाम पाहा. वाड्याला धोका पावसाळ्यात. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग. म्हणजे तिला त्याची गरज सर्वांत जास्त असेल तेव्हाच त्याचं माणूसरूप सर्वांत कमी टिकेल. हा ताण लेखिकेला वेगळा भरावा लागला नाही, नियमातूनच आला.

तपासणी: “नायकाला काय जमत नाही” याचं उत्तर “प्रेम व्यक्त करणं” असं आलं असेल तर टप्पा 2 पुन्हा करा. ती जादूची हद्द नव्हे. अर्ध्या बडोद्यातल्या नवऱ्यांना ते जमत नाही आणि ते मगर नाहीत.

## टप्पा 3: त्याचं स्वतःचं काम

नायिकेला भेटण्याआधी तो दिवसभर काय करत होता? बहुतेक कथांत काहीच नाही. तो राजपुत्र असतो, पण राज्य चालवताना दिसत नाही. सेनापती असतो, पण सैनिकांच्या पगाराचा प्रश्न त्याच्यापुढे कधी येत नाही. नुसत्या पदव्या.

त्याला असं काम द्या की ते नीट केलं तर नायिकेचं नुकसान होईल. मकरंद करारातल्या नदीच्या बाजूचा राखणदार आहे. करार मोडला तर पुराची दिशा त्याच्या कुळाच्या विणीच्या काठाकडे वळते. त्यामुळे तो आडवा येतो तो वाईट आहे म्हणून नव्हे, कामाला चोख आहे म्हणून. शत्रूचा प्रियकर होणारी कथा लिहायची असेल तर शत्रुत्व इतकं सकारण पाहिजे. नुसते टोमणे मारणं म्हणजे शत्रुत्व नाही, ते कॉलेजच्या कँटीनमध्येही चालतं.

इथेच दोघांना एकमेकांची गरज कशी पडते तेही पक्कं करा. मकरंदला मोडी वाचता येत नाही. करार त्याच्या आजाने ऐकून मान्य केला होता. कागदावर नेमकं काय लिहिलंय ते वाचू शकेल अशी एकच व्यक्ती त्याच्या पुढ्यात आहे, आणि तिलाच करार मोडायचाय.

तपासणी: दोघांच्या गरजा एका वाक्यात ‘पण’ घालून लिहा. वाक्य जमलं नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 4: धूळ, घाम, सावली

महाभारतातल्या दमयंतीच्या स्वयंवरात नल म्हणून पाच जण बसले होते: एक खरा, आणि त्याचं रूप घेतलेले इंद्र, अग्नी, वरुण, यम. चेहऱ्यावरून ओळख पटेना. तिने देवांनाच साकडं घातलं, तेव्हा खुणा दिसल्या. देवांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, हार ताजे, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. नलाचा हार सुकला होता, अंगावर धूळ आणि घाम होता, त्याला सावली होती. तिने माळ त्याच्या गळ्यात घातली. हीच कथा सतराव्या शतकात प्रेमानंदांनी ‘नळाख्यान’ म्हणून गुजरातीत सांगितली, आणि ते याच बडोद्याचे.

दमयंतीची चाळणी तुमच्या नायकाला लावा. तीन खुणा शोधा.

धूळ म्हणजे रोजच्या जगण्याचा मळ. मकरंदच्या धोतराच्या काठाला कायम गाळ लागलेला, आणि तो ज्या पायरीवर बसतो ती पुसून जातो, कारण रेवती कागद तिथेच मांडते.

घाम म्हणजे कष्ट. एखादी गोष्ट त्याला सहज येत नाही आणि ती तो तिच्यासमोर शिकतो. मोडीची अक्षरं गिरवताना त्याचा ‘ल’ सतत बिघडतो. तीनशे वर्षांचा पुरुष पाटीवर अक्षर पुसतोय, हे वाचकाला तलवारबाजीपेक्षा जास्त आठवणीत राहतं.

सावली म्हणजे त्याने केलेलं काहीतरी, जे परत घेता येत नाही. इथे नेहमीची पळवाट असते: नायकावर आळ आलेला असतो आणि शेवटी तो निर्दोष निघतो. तसं करू नका. त्याने ते केलेलं असू द्या. मागच्या पुरात त्याने पाण्याचं दार उघडलं नाही आणि काठावरची एक झोपडी गेली. तेव्हा तो बरोबर होता की चूक, यावर रेवती आणि तो शेवटपर्यंत एकमत होत नाहीत.

सावधान: दुःखी बालपण म्हणजे सावली नव्हे. जे त्याच्यावर घडलं ते वेगळं, जे त्याने घडवलं ते वेगळं. वाचकाला दुसरं हवं असतं.

## टप्पा 5: रूप

आता फोटो आठवायला हरकत नाही, पण वापरायचा नाही. दोन-तीन खुणा, त्याही नायिकेच्या कामाच्या नजरेतून. रेवती कागद हाताळणारी आहे. तिला त्याचे हात दिसतील, कातडीचा पोत दिसेल, ओल्या मातीचा वास येईल. जबड्याची रेषा तिला दिसणार नाही. डोळ्यांचं वर्णन कथेत एकदाच. पुढे.

## टप्पा 6: तुम्ही की तू

हा टप्पा बाहेरच्या कुठल्याच मार्गदर्शकात मिळणार नाही, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तो लागतच नाही. आपल्याकडे मात्र अर्धी प्रेमकथा इथे घडते, आणि अर्धी इथेच बिघडते.

सर्वसाधारण चूक अशी: नायक पहिल्या वाक्यापासून तिला अरेतुरे करतो, ती त्याला तुम्ही-आम्ही करते, आणि लेखिकेला यात काही विशेष वाटत नाही. वाचकाला वाटतं. अनोळखी बाईला तू म्हणणारा पुरुष आपण बसमध्ये, बँकेत रोज भेटतो. त्याच्यावर जीव जडत नाही.

क्रम असा ठेवा.

(अ) सुरुवात बरोबरीने. दोघंही तुम्ही. मकरंद जुन्या काळातला, तो ‘आपण’ म्हणेल, ‘बाई’ म्हणेल. रेवती ‘अहो’ म्हणेल, पण ते रिक्षावाल्याला म्हणतात ते ‘अहो’, नवऱ्याला म्हणतात ते नव्हे. हा फरक आवाजातून येतो, तेव्हा शेजारच्या वाक्याने तो दाखवा.

(आ) पहिलं ‘तू’ तिच्या तोंडून, आणि रागात. “तुला माहीत होतं! बिळं तुमच्या लोकांनी खोदली आणि तुला माहीत होतं!” इथे ‘तुमच्या’ आणि ‘तुला’ एकाच वाक्यात आले आहेत: कुळ अजून परकं आहे, माणूस नाही. हे तिच्याही लक्षात येतं, जरा उशिराने.

(इ) तो लगेच ‘तू’वर येत नाही. एक-दोन प्रकरणं तो ‘तुम्ही’च राहतो. तिने दार उघडलं म्हणून आत शिरायचं की उंबऱ्यावर थांबायचं, हे ठरवायला घेतलेला तो वेळ आहे. वाचक या वेळासाठी थांबतात.

(ई) पुढे भांडण झालं की कुणीतरी एकजण परत ‘तुम्ही’वर जातो. तलवार न काढता केलेला हा वार आहे. एकदाच वापरा.

घरची माणसंही विसरू नका. रेवतीची आजी मकरंदला ‘तुम्ही’ म्हणेल, कारण परका पुरुष. आणि ज्या दिवशी ती “बस रे, चहा घे” म्हणेल त्या दिवशी वाड्याने त्याला आत घेतलं.

तपासणी: संपूर्ण लिखाणात ‘तू’, ‘तुला’, ‘तुझ्या’ शोधून पाहा. पहिला ‘तू’ कुठल्या पानावर आहे आणि तो कुणी कुणाला म्हटलाय? शिवाय “तुम्ही आलास”, “तू बसा” असली खिचडी घाईत लिहिलेल्या मालिकांत फार असते, तीही निपटा.

## टप्पा 7: ‘नाही’चा प्रसंग

नायक कसा आहे हे वाचक त्याच्या पराक्रमावरून ठरवत नाहीत. नायिका नाही म्हणते, त्यानंतरच्या चार ओळींत ठरवतात. म्हणून कथेच्या पहिल्या एक-तृतीयांशात असा एक प्रसंग हवाच, आणि तिचा नकार महत्त्वाच्या गोष्टीला हवा. “पाणी नको” याला नकार म्हणत नाहीत.

आमच्या गटात येतो तो नमुना साधारण असा असतो:

*“तू कुठेही जाणार नाहीस.” त्याने तिचं मनगट आवळलं. त्याच्या डोळ्यांत आग होती. “तू माझी आहेस, रेवती. फक्त माझी.” तिच्या हृदयाची धडधड वाढली.*

यात रेवतीचं काम काय? मनगट पुरवणं. आता तोच प्रसंग वरचे सहा टप्पे हाताशी धरून:

*“मी उद्या येणार नाही,” रेवती म्हणाली. “पुढचं पान मी घरी वाचेन. तुमच्यासमोर नाही.”*

*मकरंद पायरीवरून उठला. काळ्या घोड्याच्या पुलामागे ऊन उतरलं होतं आणि त्याच्या बोटांची नखं जाड व्हायला लागली होती. त्याने हात पाठीमागे नेले.*

*“न्या. ओलं होऊ देऊ नका.”*

*“आणि मी परत आणलंच नाही तर?”*

*“तर मला वाचता येणार नाही.” तो दोन पायऱ्या खाली उतरला. “ते तर आजही येत नाही.”*

काय बदललं ते बघा. तो तिला अडवू शकतो. नखं वाढत आहेत, म्हणजे ताकद शाबूत आहे. ती तो पाठीमागे नेतो. त्याचं नुकसान खरं आहे आणि तो ते लपवत नाही, पण तिच्या गळ्यातही बांधत नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही तरी वाचक जाईल.

सावधान: नकार पाळल्याबद्दल नायकाला लगेच बक्षीस देऊ नका. “तो इतका समजूतदार होता की ती धावत परत आली” असं झालं, की नकार म्हणजे नुसती परीक्षा होती असं ठरतं.

हेच ‘नियतीने बांधलेल्या जोडी’ला लागू आहे. जन्माआधी ठरलेलं नातं, कपाळावर उमटणारी खूण, एकमेकांचे विचार ऐकू येणं, हे सगळं चालतं, वाचकांना आवडतंही. फक्त नियतीने जोडी बांधली तरी ‘हो’ म्हणणं तिच्या हातात ठेवा. खूण मिटवण्याचा एक मार्ग कथेत असला पाहिजे, तो तिला माहीत असला पाहिजे, आणि त्यालाही माहीत असला पाहिजे की तिला माहीत आहे.

## टप्पा 8: रक्षण आणि मत्सर

नायकाने वाचवणं वर्ज्य नाही. पण हिशेब ठेवा: त्याने तिला एकदा वाचवलं की पुढच्या वेळी तिने त्याला. मकरंदच्या जबड्याचा नियम इथे वापरा. पुरात त्याने वाड्याचा तुटका खांब तोंडात धरून ठेवलाय, माणसं निसटली, पाणी चढतंय आणि त्याला तोंड उघडता येत नाही. रेवतीला त्या जबड्यात दोन्ही हात घालायचे आहेत. हा प्रसंग मिठीपेक्षा जवळचा आहे.

“तुझ्यासाठी जग जाळून टाकेन” हे वाक्य दिसलं की मी समासात एकच प्रश्न लिहिते: कुठला भाग? रावपुरा जाळणार का? तिथे तिची मावशी राहते.

कोमलपणा दाखवायचा तर जाळण्याऐवजी उचलण्यातून दाखवा. पूर ओसरल्यावर तो पिल्लं एकेक करून तोंडात अलगद, न आवळता धरून पाण्याकडे नेतोय, त्याच जबड्यात, ज्याची आपल्याला आठ प्रकरणं भीती घातली होती. रेवती काठावरून बघते. संवाद नको.

मत्सराचं सूत्र सोपं आहे: त्याच्या मत्सराची किंमत त्याने भरायची, तिने नाही. नवरात्राच्या रात्री रेवती सहकाऱ्याबरोबर गरब्याला गेली आहे. सूर्य नाही, अंगात ऊब नाही. मकरंद मैदानाच्या कडेला भजीवाल्याच्या भट्टीशेजारी उभा आहे, तेवढ्या आचेवर त्याचं रूप टिकलंय. तिला नीट बघायचं तर दहा पावलं पुढे जायला हवं. तो जातो. सातव्या पावलाला त्याच्या हातावरचे खवले उठतात आणि तो रुमाल गुंडाळून परत आचेपाशी येतो. भजीवाला म्हणतो, “शेठ, भाजलं का?” सहकाऱ्याला कुणी ढकललं नाही, रेवतीचा फोन कुणी तपासला नाही, आणि तरी मत्सर पुरेसा दिसला.

तपासणी: दुसरा पुरुष मूर्ख किंवा लंपट दाखवलाय का? असेल तर तो नीट माणूस करा. निवड खरी असेल तरच नायकाची निवड झाली असं म्हणता येतं.

## टप्पा 9: जवळीक

थोडक्यात सांगते. या प्रसंगांची भाषा दोन खड्ड्यांत पडते. एकीकडे ‘ओष्ठद्वय’ आणि ‘बाहुपाश’, दुसरीकडे इंग्रजीतून शब्दाला शब्द उचललेली वाक्यं. घरात बोलतो ते शब्द वापरा: हात, गाल, मान, पाठ, श्वास. जादूचा नियम जवळिकीतही चालू राहू द्या. मकरंदच्या अंगाची ऊब ही त्याच्या माणूसपणाची मुदत आहे. डिसेंबरच्या पहाटे ती किती उरलीय हे रेवतीला हाताला कळतं. विचारणं आणि हो म्हणणं यानं प्रसंग थंड पडतो अशी एक समजूत आहे. “हात लावू का? गार आहे,” हे वाक्य नीट जागी ठेवून बघा.

किती उघड लिहायचं ते तुमच्यावर, पण पहिल्या भागाच्या वर्णनात वयाची सूचना स्पष्ट द्या आणि मध्येच पातळी बदलू नका. वीस भाग कपाळाच्या मुक्यावर चाललेली कथा एकविसाव्या भागात एकदम शयनगृहात शिरली की वाचक दचकतात.

## टप्पा 10: शेवटी कोण काय सोडतं

अमर नायक आणि मर्त्य नायिका, म्हणजे शेवट दोनच प्रकारे होतो असं मानलं जातं: ती अमर होते किंवा तो मर्त्य होतो. दोन्ही चालतील, पण जो सोडतो त्याने काय सोडलं हे वस्तूंच्या नावानिशी लिहा. रेवतीने नदीत राहायला जायचं ठरवलं तर तिचं शिवणकाम, मोडी, ग्रंथालयाचे ते काचेच्या फरशीचे मजले, आजी, सकाळची शेव-उसळ, सगळं गेलं. मी लेखिकेला इथे थांबवते. तीस भाग जिचं काम उभं केलं, तिने ते एका ओळीत का टाकावं?

तिसरा मार्ग नियमातच शोधा. करार नव्याने लिहायचा आहे आणि मोडी लिहिणारी तीच आहे. नवी कलमं कोण घालणार? उन्हाळ्याचे चार महिने तो वाड्यात, पावसाळ्यात ती काठावर, हिवाळ्यातल्या दुपारी दोघं कमाटीबागेत. कुणाच्याही वाट्याला पूर्ण राज्य नाही. नातेवाईक नावं ठेवतील. ठेवू देत.

सावधान: लग्नाच्या प्रकरणात नायक अचानक वेगळाच माणूस होतो: विनोद करतो, सगळ्यांच्या पाया पडतो, टोपी घालून फोटो काढतो. धूळ, घाम, सावली तिथेही तशीच हवी.

## शेवटची फेरी: प्रसिद्ध करण्याआधी

1. नायकाची क्रियापदं वेगळ्या कागदावर उतरवा. ‘आवळलं, ओढलं, रोखलं, दटावलं’ जास्त आणि ‘ऐकलं, विचारलं, थांबला, शिकला’ कमी असतील, तर टप्पा 7 पासून पुन्हा.

2. नायकाचं एक पान नायिकेच्या आजीच्या नजरेतून लिहून बघा. छापायचं नाही. तिला त्याच्यात आवडण्यासारखं काही सापडलं नाही तर वाचकालाही सापडणार नाही.

3. दोन जणींना मोठ्याने वाचून दाखवा. एक या प्रकाराची शौकीन, दुसरी अजिबात नाही. पहिली कुठे हसते आणि दुसरी कुठे फोन बघते, तेवढंच टिपून घ्या. मतं नंतर.

4. संवादातलं प्रत्येक भारी वाक्य इंग्रजीत म्हणून बघा. तिथे ते जास्त सहज वाटलं तर ते तुमचं नाही, कुठल्यातरी उपशीर्षकातून आलंय. काढा.

5. मालिका असेल तर निदान दहा भाग तयार झाल्याशिवाय पहिला टाकू नका. दर आठवड्याच्या टिप्पण्या वाचून नायक बदलायला लागलात की तिसऱ्या आठवड्यात त्याचा जबडाही उघडायला लागतो आणि पावसातही त्याचं माणूसरूप टिकायला लागतं.